तलाकचा दावा फेटाळला. पुढचा रस्ता कोणता?



गेल्या महिन्यात आमच्याकडे एक पत्र आले. लिहिणारी भगिनी एका तालुक्याच्या गावची आहे. नाव-गाव आम्ही छापत नाही, तिचीही तशीच इच्छा आहे. सहा वर्षांपूर्वी आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन ती माहेरी आली. नंतर तिने जिल्ह्याच्या कौटुंबिक न्यायालयात निकाह संपवून मिळावा म्हणून दावा लावला. कारणे दोन दिली होती, छळ आणि खर्च न देणे. तीन वर्षे तारखा झाल्या आणि शेवटी दावा फेटाळला गेला. मधल्या काळात नवऱ्याने दुसरा निकाहही केला.

ती लिहिते की कोर्टाने नाही म्हटले, तर आता जन्मभर मी त्याचीच बायको का? अब्बा म्हणतात नांदायला जा. भाऊ म्हणतो हायकोर्टात जाऊ. मामू म्हणतात जमातीत बसून मिटवू. मी कोणाचे ऐकू?

पत्र हाती आले तेव्हा निकालाला अठरा दिवस झाले होते. आपले मासिक महिन्यातून एकदा निघते आणि अपिलाची मुदत तीस दिवसांची असते. अंकातून उत्तर दिले असते तर मुदत टळून गेली असती. म्हणून तिला त्याच दिवशी फोन केला आणि आधी निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज करायला सांगितला. बाकीचे सारे नंतर. आता हे सविस्तर लिहितो आहोत ते तिच्यासारख्या इतर भगिनींसाठी आणि त्यांच्या अब्बा-भावांसाठी.

फेटाळला म्हणजे नेमके काय झाले?

बायकोला कोर्टातून निकाह संपवून घेण्याचा हक्क १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने दिला आहे. त्याच्या कलम २ मध्ये कारणे दिली आहेत. नवरा चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे खर्च न देणे, सात वर्षे किंवा अधिक शिक्षा होणे, तीन वर्षे सबळ कारणाशिवाय वैवाहिक कर्तव्ये न पाळणे, छळ, एकाहून अधिक बायका असून कुरआनच्या हुकमाप्रमाणे न्यायाने न वागवणे, अशी ती आहेत. यांतले एक कारण सिद्ध झाले तरी पुरते.

दावा फेटाळला याचा अर्थ एवढाच, की अर्जात दिलेली कारणे समोर आलेल्या पुराव्यावरून सिद्ध झाली नाहीत, असे त्या न्यायाधीशांना वाटले. बाई खोटे बोलली असा त्याचा अर्थ होत नाही. आणि आता सासरी जा, असा तो हुकूमही नसतो. घरातल्या मोठ्या माणसांनी एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी आमच्या भगिनीचा निम्मा त्रास वाचला असता.

बायकोने नांदायला यावे असा हुकूम नवऱ्याला हवा असेल तर त्याला वेगळा दावा लावावा लागतो. तो हुकूम मिळाला तरी पोलीस पाठवून कोणी बाईला उचलून सासरी नेत नाही. कायद्यात त्यासाठी मालमत्तेच्या जप्तीपुरतीच तरतूद आहे.

मात्र निकाह कायम राहिला, हे खरे. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, बाईला दुसरा निकाह करता येत नाही. केला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा ठरू शकतो. दोन, नवऱ्याची खर्च देण्याची जबाबदारी संपलेली नाही. दावा हरली म्हणून पोटगी बुडाली, असे समजणाऱ्या कितीतरी बायका आहेत. तो समज चुकीचा आहे.

आधी निकालपत्र वाचा

हरलो म्हटल्यावर ते कागद उघडायची इच्छा होत नाही, हे आम्हाला कळते. पण पुढचा रस्ता त्याच कागदांत आहे. दावा का फेटाळला, हे पाहा. साधारण तीन प्रकार असतात.

पहिला प्रकार गैरहजेरीचा. तारखेला तुम्ही आणि तुमचा वकील दोघेही नव्हता, समोरची बाजू हजर होती, म्हणून दावा निकाली निघाला. अशा वेळी तीस दिवसांत दावा मूळ नंबरावर घेण्याचा अर्ज करता येतो. आजारपण, मुलाचे दवाखान्यात असणे, वकिलाची चूक, जे खरे कारण असेल ते कागदानिशी दाखवावे. हा अर्ज केला नाही तर त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. दोन्ही बाजू गैरहजर असतील तर मात्र नवा दावाही लावता येतो. त्या दिवशी कोण हजर होते, हे रोजनाम्यावरून कळते. म्हणून रोजनाम्याचीही नक्कल काढावी.

दुसरा प्रकार तांत्रिक. दावा चुकीच्या कोर्टात लावला, आवश्यक कागद जोडला नाही, असे काही. इथे तुमच्या तक्रारीचा निवाडा झालेलाच नसतो. चूक दुरुस्त करून योग्य कोर्टात दावा पुन्हा लावता येतो.

याच ओघात एक इशारा. समेटाची बोलणी चालू असताना दावा काढून घेण्याच्या पुरसीसवर बाईची सही घेतली जाते. समेट चार महिन्यांत मोडतो आणि बाई पुन्हा कोर्टात जाते, तेव्हा नव्याने दावा लावण्याची परवानगी घेतली होती का, असे विचारले जाते. ती परवानगी घेतली नसेल तर जुन्या कारणांवर दार बंद होते. म्हणून पुरसीसवर सही करण्यापूर्वी पुन्हा दावा लावण्याची मोकळीक कोर्टाकडून लेखी घ्यावी.

तिसरा प्रकार गुणदोषांवरचा. साक्षीपुरावे झाले, कोर्टाने मुद्दे काढले आणि प्रत्येक मुद्द्यासमोर 'नाही' असे लिहिले. आमच्या भगिनीचा निकाल या प्रकारातला आहे. अशा वेळी दोन रस्ते उरतात, अपील आणि नवा दावा.

अपील

कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर थेट हायकोर्टात अपील होते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत निकालापासून तीस दिवस आहे आणि सुनावणी दोन न्यायाधीशांपुढे होते. नक्कल मिळायला लागलेले दिवस या मुदतीत धरले जात नाहीत, पण त्यासाठी नकलेचा अर्ज वेळेवर केलेला हवा. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो. त्यात प्रत्येक दिवसाचे पटण्यासारखे कारण द्यावे लागते.

जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे दावा दिवाणी न्यायालयात चालतो. त्याचे अपील जिल्हा न्यायालयात जात असेल तर मुदत तीस दिवस, आणि हायकोर्टात जात असेल तर नव्वद दिवस. आपला निकाल कोणत्या न्यायाधीशाचा आहे, हे पहिल्या पानावर लिहिलेले असते.

हायकोर्ट म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचा खर्च उभा राहतो. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची खंडपीठे आधीपासून आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे तिथे चालतात. शिवाय महिलेला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. ही खैरात नाही, १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

आता अपिलात काय होते, ते नीट समजून घ्या. तिथे साक्षी पुन्हा होत नाहीत. खालच्या कोर्टात जे कागद आणि जबाब दाखल झाले, तेच पाहून हायकोर्ट ठरवते की निकाल बरोबर की चूक. नवा पुरावा क्वचितच घेतला जातो. म्हणून 'माझ्यावर अन्याय झाला' एवढे सांगून भागत नाही. न्यायाधीशांनी कायदा किंवा पुरावा कुठे चुकीचा वाचला, ते दाखवावे लागते.

आमच्या भगिनीच्या निकालपत्रात अशी जागा आहे. मारहाणीचा दवाखान्याचा कागद नाही, म्हणून छळ सिद्ध होत नाही, असे त्यात लिहिले आहे. पण १९३९ च्या कायद्याची भाषा वेगळी आहे. नवऱ्याच्या वागण्याने बायकोचे जगणे नकोसे होत असेल तर अंगावर हात टाकलेला नसला तरी तो छळच, असे कायदा म्हणतो. तिच्या जबाबात शिवीगाळ, घरात कोंडून ठेवणे, मुलगी झाली म्हणून सहा महिने न बोलणे, हे सारे आले आहे आणि उलटतपासात ते मोडलेले नाही. अपिलाचा हा सरळ मुद्दा आहे.

दुसरा मुद्दा खर्चाचा. ती स्वतः घर सोडून गेली, म्हणून खर्च न देणे हे कारण चालत नाही, असे खालच्या कोर्टाने म्हटले. या प्रश्नावर कोर्टांची मते वेगवेगळी आहेत. केरळ हायकोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी युसुफ राउथर विरुद्ध सौरम्मा या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात म्हटले होते, की दोन वर्षे खर्च मिळाला नाही एवढे पुरे, दोष कोणाचा ते पाहायचे नाही. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण वकील त्याचा दाखला देऊ शकतो.

नवा दावा

ज्या गोष्टीचा एकदा निवाडा झाला, ती पुन्हा उकरता येत नाही. याला पूर्वन्याय म्हणतात. जुन्या घटना, जुनी तारीख आणि जुने साक्षीदार घेऊन पुन्हा दावा लावला तर तो पहिल्याच तारखेला अडकेल. पण निकालानंतर जे नवे घडले किंवा पहिल्या दाव्यात जे कारण निवाड्याला आलेच नव्हते, त्याचे काय? त्याला वाट असू शकते.

खर्चाचे कारण यात सर्वांत महत्त्वाचे आहे. आजपासून पुढची दोन वर्षे नवऱ्याने खर्च दिला नाही तर ती नवी दोन वर्षे झाली, म्हणजे नवे कारण झाले. मात्र या वेळी कागद हवेत. गेल्या वेळी नवऱ्याने 'पैसे हातोहात दिले' असे सांगितले आणि आमच्या भगिनीकडे दाखवायला काही नव्हते. म्हणून आता वकिलामार्फत किंवा स्वतः खर्चाची मागणी लेखी करावी, स्पीड पोस्टने पाठवावी आणि पोचपावती जपावी. बँकेचे पासबुक भरून घ्यावे. मोबाइलवरचे निरोप पुसू नयेत. ते कोर्टात द्यायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडलेले बरे.

दुसरे कारण नवऱ्याच्या दुसऱ्या निकाहाचे. दुसरा निकाह केला एवढ्यावर दावा उभा राहत नाही. पहिल्या बायकोला दुसरीसारखे न्यायाने वागवले नाही, हे दाखवावे लागते. एकीला घर आणि किराणा, दुसरीला सहा वर्षांत एक रुपया नाही, हे दाखवणे अवघड नसावे. तिचा हा मुद्दा पहिल्या अर्जात घातलाच नव्हता. दावा चालू असताना निकाह झाला, तेव्हा अर्जात दुरुस्ती मागायला हवी होती. ती राहून गेली. आता हा मुद्दा अपिलात घ्यायचा की नव्या दाव्यात, हे वकिलाने कागद पाहून ठरवावे.

कोर्टाबाहेरचे रस्ते

मामू जमातीचे म्हणतात, ते अगदीच टाकाऊ नाही. दोघांच्या घरातून एकेक मध्यस्थ नेमावा, ही सूरह निसामधली शिकवण आहे. कोर्टात हरल्यावरही तिच्यावर चालता येते.

सर्वांत आधी निकाहनामा काढून वाचा. काही निकाहनाम्यांत विशिष्ट परिस्थितीत स्वतःला तलाक देण्याचा अधिकार बायकोला दिलेला असतो. त्याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. बहुतेक घरांत हा कागद पेटीच्या तळाशी पडून असतो आणि त्यात काय लिहिले आहे ते कोणालाच ठाऊक नसते.

दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर मुबारात. बायकोला व्हायचे असेल आणि ती मेहेर किंवा ठरेल ते सोडायला तयार असेल तर खुला. साबित बिन कैस यांच्या पत्नीने मेहेरची बाग परत करून सुटका मिळवली आणि पैगंबरांनी (स.) ती मान्य केली, ही हदीस आपल्याला माहीत आहे. आपल्याकडच्या प्रथेत खुलाला नवऱ्याची कबुली लागते. केरळ हायकोर्टाने २०२१ मध्ये आणि तेलंगणा हायकोर्टाने जून २०२५ मध्ये म्हटले, की खुला हा बायकोचा स्वतंत्र हक्क आहे, नवऱ्याच्या मर्जीवर तो अवलंबून नाही. मद्रास हायकोर्टाने २०२३ मध्ये सांगितले की खुलासाठी कौटुंबिक न्यायालयात जावे, खाजगी संस्थेचे प्रमाणपत्र चालणार नाही. दारुल कझाच्या निवाड्याला कायद्याचे बळ नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच स्पष्ट केले आहे.

म्हणून आमचा सल्ला असा. खुला किंवा मुबारात झाली तर ती लेखी करा, दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि मग कौटुंबिक न्यायालयातून निकाह संपल्याचे जाहीर करून घ्या. कलम ७ खाली तसा अर्ज करता येतो. हा कागद हाती असल्याशिवाय दुसऱ्या निकाहाची बोलणी करू नका.

आणि घाई करू नका. कोर्टाने निकाह संपवला तर बायकोचा मेहेरवरचा हक्क शाबूत राहतो, तसे १९३९ च्या कायद्यातच लिहिले आहे. खुलामध्ये तो बहुधा सोडावा लागतो. सुटकेची किंमत किती, हे नीट बसून मोजा. कागदावर मुलांचा खर्च मागणार नाही असे कलम कोणी घालत असेल तर सही करू नका. तो खर्च मुलांचा हक्क आहे, तो सोडून देण्याचा अधिकार आईलाही नाही.

एक धोका राहिला. कंटाळलेला नवरा फोनवर तीनदा तलाक म्हणतो आणि घरचे म्हणतात, बरे झाले, सुटली. नाही सुटली. २०१९ च्या कायद्याने असा एका दमातला तलाक रद्दबातल आहे, आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना 'मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे' एवढे लिहिल्यानेही तलाक होत नाही. सुप्रीम कोर्टाने शमीम आरा प्रकरणात आणि मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात, दोन्हींत २००२ मध्ये, हे सांगितले आहे. तलाक दिला असे म्हणणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो.

तोवर घर कसे चालवायचे?

अपील असो वा नवा दावा, वर्षे जातात. तोवर मुलीची शाळा, औषधे, किराणा थांबत नाही. म्हणून पोटगीचा अर्ज वेगळा आणि आजच करावा. पूर्वीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, नवऱ्याच्या गावी जावे लागत नाही. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज नोटीस लागल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कायदाच सांगतो.

'मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही' असे नवरा म्हणेल. तिथे दुसरा निकाह उपयोगी पडतो. नवऱ्याने दुसरे लग्न केले असेल तर वेगळे राहायला ते योग्य कारण आहे, असे याच कलमात लिहिले आहे. नवऱ्याला नांदायला येण्याचा हुकूम मिळाला आणि बायको गेली नाही, तरी तिच्याकडे सबळ कारण असेल तर पोटगी मिळू शकते, असे सुप्रीम कोर्टाने १० जानेवारी २०२५ रोजी म्हटले आहे. छळ झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, निवारा आणि खर्चही मागता येतो.

पुढे निकाह संपला तरी हक्क संपत नाही. इद्दतच्या काळातच नवऱ्याने पुढच्या आयुष्याचीही रास्त तरतूद करायची, असा डॅनियल लतीफी खटल्यातला २००१ चा निकाल आहे. तलाक झालेली मुस्लिम स्त्रीही कलम १२५ खाली पोटगी मागू शकते, हे १० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने पुन्हा स्पष्ट केले.

कोणाचे ऐकू?

भगिनीच्या प्रश्नाकडे परत येतो. आम्ही तिला असे सांगितले. भावाचे ऐकून मुदतीत अपील करावे. आज अपील केले नाही तर 'छळ झाला नाही' हा शेरा कायमचा राहील. पोटगीचा अर्ज तालुक्यातच लगेच लावावा. मामूंनी जमातीत बोलणी जरूर करावीत, पण अपील दाखल झाल्यावर, आणि जे ठरेल ते लेखी. अब्बांसाठी आम्ही वेगळा निरोप दिला. मुलीला परत पाठवण्याआधी निकालपत्र कोणाकडून तरी मराठीत समजावून घ्या, त्यात 'परत जा' कुठे लिहिले आहे ते शोधा.

परवा तिचा फोन आला. नक्कल मिळाली, विधी सेवा समितीकडून वकील मिळाला, अपील मुदतीत दाखल झाले. समितीच्या कचेरीत तिच्यासोबत भाऊ गेला नव्हता, त्याला कामावर सुट्टी मिळाली नाही. अब्बा गेले होते. निकालपत्राची पिशवी त्यांनीच धरली होती, असे ती म्हणाली.

अपिलाचा निकाल काय लागेल, ते आम्ही सांगू शकत नाही, कोणी वकीलही सांगू शकणार नाही. पण दार उघडे राहिले आहे. तुमच्या घरात, शेजारात कोणाचा असा दावा फेटाळला असेल तर त्यांना आजच दोन गोष्टी विचारा, निकालाची तारीख कोणती आणि नक्कल मागितली का? प्रत्येकीची परिस्थिती वेगळी असते, तेव्हा आपले कागद वकिलाला दाखवूनच पाऊल टाकावे.

पुढच्या अंकात न मिळालेल्या मेहेरची वसुली कशी करावी, याविषयी लिहू. इन्शाअल्लाह. पत्रे पाठवत राहा. मुदतीचा प्रश्न असेल तर पाकिटावर ठळक अक्षरात 'तातडीचे' असे लिहा, आणि आपला फोन नंबर द्यायला विसरू नका.